झोळी झाडाला, आई कामाला

मे महिना लागला की आमच्या आलापल्लीच्या चहूबाजूंच्या रानात पहाटेच जाग येते. तेंदूपत्त्याचा हंगाम! उन्हं चढायच्या आत पानं तोडून व्हायला हवीत, म्हणून बाया अंधारातच निघतात. डोक्याला फडकं, कमरेला ओटी, आणि जिचं मूल अंगावर पितं तिच्या खांद्याला जुन्या लुगड्याची झोळी. बऱ्यापैकी सावलीचं झाड बघायचं, फांदीला झोळी बांधायची, थोरल्या पोरीला झोका द्यायला बसवायचं आणि आपण पानाला लागायचं. दुपारी घरी आल्यावर पुडकी बांधायची, सत्तर पानांचं एक. संध्याकाळी ती फळीवर नेऊन मोजून द्यायची. मधल्या वेळात स्वयंपाक, पाणी, गुरं, म्हातारी सासू हे सगळं आहेच. वर्षाच्या तेलामिठाचा आणि पोरांच्या वह्यापुस्तकांचा बराचसा पैसा या थोड्याशा दिवसांत उभा करायचा असतो. तेव्हा "आज बरं वाटत नाही" म्हणायची सोय नाही.

'नोकरी आणि मूल' या विषयावर आपण बायका पुष्कळ वाचतो. त्यात 'तारेवरची कसरत' हे शब्द हमखास येतात, आणि मग सकाळी लवकर उठा, भाजी रात्रीच चिरून ठेवा, कणीक मळून ठेवा, अशा सूचना. सूचना चांगल्याच असतात. मीही भाजी रात्रीच चिरते. पण या तेंदूपत्त्याच्या बाईला त्यातलं काय सांगणार? ती आपल्या सगळ्यांपेक्षा लवकर उठते. मूल आणि काम एकत्र सांभाळण्यात तिच्या आजीचाही जन्म गेला. तिला आजवर कुणी विचारलं नाही ते एवढंच, की बाई, तुझं कुठे दुखतं का?

हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यात एका बाईंनी विचारला आणि त्याचं उत्तर पुढे जगभर वाचलं गेलं. त्या बाई म्हणजे डॉ. राणी बंग. त्यांच्याविषयी लिहावं असं कितीतरी दिवस मनात होतं. नुसतं कौतुक करायला नव्हे. कौतुक करून माणूस मोठा केला की आपण मोकळे होतो, 'त्यांना जमलं बाई, आपल्याला कुठलं जमायला!' असं म्हणायला. मला त्या प्रश्नाविषयीच लिहायचं आहे.

आधी आमचा मुलूख सांगायला हवा, कारण पुण्या-नाशिककडच्या मैत्रिणींना आलापल्ली म्हटलं की सागवान तेवढं ठाऊक असतं. अहेरी तालुक्यातलं हे गाव, जिल्हा गडचिरोली. 1982 पर्यंत आम्ही चांद्याचे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचे होतो. वनखात्याची कचेरी, लाकडाचा डेपो, आरागिरणी आणि जवळच 'वनवैभव' म्हणून राखलेलं जुन्या प्रचंड सागांचं रान, ही गावाची ओळख. बाजारात मराठी, तेलुगू, माडिया, गोंडी, बंगाली अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. जिल्ह्याचं ठिकाण इथून शंभरेक किलोमीटर लांब. म्हणजे साधी सोनोग्राफी करायची तरी बरेचदा एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते.

आणि कामं म्हणाल तर बाराही महिने. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायची, वाकून वाकून, एकेक. मेमध्ये तेंदू. जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, दिवसभर बांधीच्या चिखलात उभं राहून. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कंबर धरते, आणि ओल्या लुगड्यातच दिवस सरतो. मग निंदण, कापणी, जळाऊ लाकडाची मोळी. रानात वाघाची, अस्वलाची भीती वेगळीच. मोहफुलं वेचताना बाई गेल्याची बातमी दर हंगामात कुठून ना कुठून येतेच.

डॉ. राणी मूळच्या चंद्रपूरच्याच, माहेरच्या चारी. नागपूरला स्त्रीरोगशास्त्रात एम. डी. झाल्या, 1977 साली डॉ. अभय बंग यांच्याशी लग्न झालं. दोघांनी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम केलं, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि 1984 साली परत आले. तिथे राहणं अवघड नव्हतं. पण हे दोघे 1986 साली आले ते गडचिरोलीला, आणि 'सर्च' ही संस्था तिथे उभी राहिली. त्या वेळी अख्ख्या जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाव्यात तर या एकट्या. जिल्ह्यातलं पहिलं सिझेरियन त्यांनीच केलं असं सांगतात.

बायका त्यांच्याकडे यायच्या त्या बाळंतपणासाठी. पण बोलता बोलता दुसरंच निघायचं. अंगावरून पांढरं जातं, पाळीत ओटीपोट फाटल्यासारखं दुखतं, लघवीला आग होते, अंग बाहेर येतं. आणि हे सगळं सांगताना सूर असा, की बाईच्या जन्माला आलं म्हणजे हे असायचंच. त्या वेळी आरोग्यखातं बाईकडे बघायचं ते गरोदर आहे का आणि ऑपरेशन झालं का, एवढ्याच नजरेने. गरोदर नसलेल्या, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या दुखण्याचा रकाना कुठल्याच रजिस्टरात नव्हता.

राणीताईंनी हा रकाना आखला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायकांना, दुखणं असो वा नसो, सगळ्यांनाच तपासणीला बोलावलं. 'कुठे दुखतंय' म्हणून आलेल्यांनाच तपासलं असतं तर आकडे फुगले असते. सगळ्यांना तपासणं हाच त्यातला शहाणपणा. 650 बायकांची तपासणी झाली. त्यांतल्या 55 टक्के बायकांनी काही ना काही तक्रार सांगितली. आजार मात्र निघाले 92 टक्के बायकांत! सरासरीने एकेकीला तीनहून जास्त. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी व उपचार झालेल्या बायका किती, तर फक्त 8 टक्के. जानेवारी 1989 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे, हे जगाला आमच्या वसा-अमिर्झाच्या बायकांनी सांगितलं म्हणायला हरकत नाही.

हे आकडे मी आमच्या भिशीत वाचून दाखवले तेव्हा एकजण पटकन म्हणाली, "खेड्यातलं आहे ते. आपलं बरं असतं." मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. चहा आला. आणि मग हळूहळू एकेकीचं सुरू झालं. बँकेत काउंटरवर असणारी म्हणाली, दुपारपर्यंत उठता येत नाही, लघवी दाबून ठेवायची सवयच झाली आहे. दवाखान्यातली नर्स म्हणाली, सलग रात्रपाळ्या झाल्या की पाळी पुढे-मागे होते. अंगणवाडीची सेविका म्हणाली, पोषण आहार वाटते मी, पण माझंच हिमोग्लोबिन नऊ निघालं. आठ जणी होतो. कुणाचं काही नाही अशी एकही निघाली नाही. आणि यातलं एक अक्षरही आम्ही एकमेकींना कधी सांगितलं नव्हतं. साड्या, शाळा, सासवा हे सगळं सांगून झालं होतं.

माझंच सांगते. पूर्वी मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायला जात असे. नाव कशाला सांगू, अशा शाळा सगळीकडे आहेत. शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह होतं, पण दाराला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हतं. आम्ही तिघी बाया एकमेकींना दाराशी उभं करायचो, नाहीतर सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. माझा धाकटा तेव्हा दहा महिन्यांचा. दूध भरून यायचं, ब्लाउज ओला व्हायचा, पदर पुढे ओढून 'मराठी व्याकरण' चालू. तासिका तत्त्वावरच्या बाईला बाळंतपणाची रजा मिळत नाही, असं तिथे तोंडावर सांगितलं होतं. कागद मात्र कधी कुणी दाखवला नाही.

आता राणीताईंच्या संसाराकडे वळते, कारण तुम्ही मनात म्हणत असाल, की यांची मुलं कुणी सांभाळली? दोन मुलगे, आनंद आणि अमृत. गडचिरोलीतच वाढले. पुढे 1993 च्या सुमारास शहराबाहेर धानोऱ्याच्या वाटेवर 'शोधग्राम' वसलं, तिथे घर, दवाखाना, संशोधन, प्रशिक्षण सगळं एकाच आवारात. दवाखान्याला नाव माँ दंतेश्वरीचं, आदिवासींच्या देवीचं. आणि रचना त्यांच्या गावासारखी, कारण मोठ्या पांढऱ्या इमारतीत शिरायला लोक बिचकतात. तिथे राणीताईंना सगळे 'अम्मा' म्हणतात आणि डॉक्टरांना 'नायना'. हे नुसतं प्रेमाचं नाव नव्हे असं मला वाटतं. घर आणि काम यांत भिंतच नव्हती, त्यामुळे आई कुठे संपते आणि डॉक्टरीण कुठे सुरू होते हे ठरवायचा प्रश्नच आला नसावा.

हेमलकशाच्या डॉ. मंदाकिनी आमटे यांचंही तसंच. हेमलकसा आमच्या आलापल्लीवरूनच पुढे, भामरागडच्या रस्त्याला. लोकबिरादरी प्रकल्प 1973 च्या डिसेंबरात सुरू झाला. वीज नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, दवाखाना झाडाखाली, अशा ठिकाणी भूल देण्याचं शास्त्र शिकलेल्या या बाई आल्या आणि पडेल ते काम शिकत गेल्या. दिगंत, अनिकेत आणि आरती ही तीन मुलं तिथेच, माडिया मुलांच्या बरोबर, प्रकल्पाच्याच आश्रमशाळेत शिकली. एखाद्या आईला हा निर्णय किती जड गेला असेल! आपण मुलाला इंग्रजी माध्यमात घालायचं की सेमीत, यावर घरात दोन-दोन महिने वाद घालतो. 2008 साली प्रकाश आणि मंदाकिनी या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, बंग पतीपत्नींना 2018 साली पद्मश्री.

पण खरं सांगू? या दोन घरांकडे बघताना पुरस्कारांपेक्षा मला दुसरंच दिसतं. दोन्हीकडे नवरा त्याच कामात होता आणि मूल कामाच्या जागी चालत होतं. तेंदूपत्त्याच्या बाईचंही मूल कामाच्या जागीच असतं, फक्त तिची झोळी उन्हात असते. आपल्या शहरी नोकरीनेच मुलाला दाराबाहेर काढलं, आणि मग त्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न एकट्या आईच्या पदरात टाकला. मुलगा तापला की शाळेचा फोन आईलाच येतो, वडील त्याच गावात, त्याहून जवळच्या कचेरीत असले तरी!

राणीताईंचं आणखी एक काम सांगायलाच हवं, कारण तेही बायकांच्याच जिवावर झालं. गावात जन्मलेलं बाळ पहिल्या महिन्यातच दगावायचं. दवाखाना लांब, आणि बाळंतिणीला बाहेर न्यायचं नाही ही रीत. तेव्हा बंग पतीपत्नींनी 39 गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायका निवडल्या, पाचवी, सातवी, दहावीपर्यंतच्या. त्यांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायला, आणि जंतुदोष झाल्यास इंजेक्शन द्यायलासुद्धा शिकवलं. इंजेक्शन म्हटल्यावर भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या असणार. पण हजार जन्मांमागे 62 च्या आसपास असलेले पहिल्या महिन्यातले मृत्यू 1998 पर्यंत 25 वर आले. 1999 साली हेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे 2011 पासून देशभरातल्या आशाताईंकडे घरोघर जाऊन नवजात बाळाची तपासणी करायचं काम आलं, त्याचं मूळ या आरोग्यदूत बायकांत आहे.

मात्र इथे माझं मन अडखळतं. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये, असा दर तेव्हा ठरला. ती 'स्वयंसेविका', नोकरदार नव्हे. बहुतेक आशा स्वतः लेकुरवाळ्या. आमच्या वस्तीतली आशा गेल्या पावसाळ्यात सात महिन्यांची गरोदर असताना चिखलातून दुसरीच्या बाळाचं वजन करायला जाताना मी पाहिली आहे. "तुझं वजन कोण करतं गं?" म्हटलं, तर हसली नुसती. आयांच्या तब्येतीचं एवढं मोठं काम ज्यांच्या पायांवर उभं आहे, त्यांच्या तब्येतीचा रकाना पुन्हा कोराच.

हा कोरा रकाना कुठवर नेतो ते बघायचं तर बीड जिल्हा बघावा. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. एक दिवस काम बुडालं की 'खाडा', त्याचे पैसे कापायचे. पाळी असो, पोट दुखो, खाडा तो खाडाच. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, त्यामुळे जंतुदोष होतो. डॉक्टरकडे गेलं की सांगतात, पिशवी काढून टाका. 2019 साली सरकारने समिती नेमून पाहणी केली. 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कितीतरी जणी ऐन तिशी-पस्तिशीच्या. ज्या दुखण्याला वेळेवर तपासणी, औषध आणि चार दिवसांची विश्रांती पुरली असती, त्यासाठी अवयवच काढला गेला. मला तर ती बातमी वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

बरं, कायदे नाहीत असंही नाही. बाळंतपणाच्या रजेचा आपल्या देशातला पहिला कायदा 1929 साली आपल्याच मुंबई इलाख्यात झाला, गिरणीकामगार बायकांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात या बिलाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. 1961 चा मातृत्व लाभ कायदा सगळ्या देशाला लागू झाला. 2017 च्या दुरुस्तीने 12 आठवड्यांची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, असं ठरलं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला दोन सुट्ट्या हेही कायद्यातच आहे. माझ्या ओल्या ब्लाउजची ती हकिगत आठवून मी हे कलम दोनदा वाचलं.

रोजंदारीवरच्या बाईला यातलं काही नाही, असं आपल्याला सरसकट सांगितलं जातं. तेही खरं नाही. दिल्ली महानगरपालिकेत मस्टरवर राबणाऱ्या बायकांच्या खटल्यात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांनाही बाळंतपणाचे लाभ मिळायलाच हवेत. बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं, एवढी अट. म्हणून माझं सांगणं असतं, की तुम्ही तासिकेवर असा, मस्टरवर असा, दुकानात असा, हजेरीचा आणि पैसे मिळाल्याचा काहीतरी कागद स्वतःजवळ ठेवा. डायरीत तारखा लिहा. बँकेत पैसे जमा होत असतील तर पासबुक भरून घ्या. रोजगार हमीच्या कामाबद्दल 2005 च्या केंद्रीय कायद्यातही लिहिलं होतं, की सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी. किती कामांवर अशी बाई बसलेली तुम्ही पाहिली? मी तरी नाही पाहिली. मागायचं असतं हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं.

माडिया गावांतल्या कुर्माघराविषयीही मला नेहमी विचारतात. पाळीच्या दिवसांत बाईने घराबाहेरच्या झोपडीत राहायचं. शहरातली पाहुणी मंडळी ऐकून नाक मुरडतात. झोपडी गळकी असते, साप-विंचवाची भीती असते, आजारी बाईला तिथे ठेवणं धोक्याचंच आहे. काही गावांत आता पक्क्या खोल्या बांधल्या गेल्या आहेत हे बरंच झालं. पण नाक मुरडणाऱ्या बाईच्या स्वतःच्या कचेरीत पाळीच्या दिवशी पाच मिनिटं आडवं व्हायला जागा असते का, हेही विचारायला हवं. पॅड टाकायला डबा तरी असतो का?

आता थोडं घरगुती. महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. म्हणजे दोघींत एक. बाईचं हिमोग्लोबिन 12 हवं, गरोदरपणी 11 च्या खाली नको. दम लागतो, चिडचिड होते, जिना चढवत नाही, आणि आपण म्हणतो 'वय झालं'. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या डब्यात पडून राहतात कारण मळमळतं, शौचाला काळं होतं. काळं होणं हे लोहामुळेच, घाबरायचं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. गोळी चहाबरोबर घेतली तर ती फुकट गेली समजा. चहा आणि गोळी यांत दीड-दोन तास जाऊ द्यावेत. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर नको, एक सकाळी आणि एक रात्री. लिंबू पिळलेलं पाणी, आवळा, किंवा आमच्याकडची आंबट अंबाडीची भाजी जोडीला असली तर लोह अंगी लागतं. शेवग्याचा पाला फुकट मिळतो. मोहफुलांचे लाडू तर आमच्याकडे आता बचतगटही करतात, आणि ते दारूइतकेच मोहाचे असतात बरं का!

ज्यांच्या घराण्यात सिकलसेल आहे त्यांनी मात्र स्वतःच्या मनाने लोह घेऊ नये, आधी तपासणी करून घ्यावी. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार पुष्कळ. अशा बाईला पाणी कमी पडलं, फार श्रम झाले किंवा गारठा बसला की हाडं ठणकायला लागतात. तिला 'कामचुकार' म्हणणारे मुकादम आणि सासवा दोन्ही मी पाहिले आहेत. लग्नाआधी मुलाचं आणि मुलीचं दोघांचंही रक्त तपासावं. पत्रिका मागून बघावी, आधी हा कागद.

लघवी दाबून ठेवण्याची सवय ज्या मैत्रिणींना आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की पाणी कमी पिऊन सुटका होत नाही; जळजळ आणि जंतुदोष वाढतो. स्वच्छतागृहाची मागणी एकटीने केली की हसतात. आम्ही चौघी मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो होतो, लेखी अर्ज घेऊन, खाली चौघींच्या सह्या. कडी बसली त्याच आठवड्यात, पाण्याला तीन महिने लागले. नव्या बाई येतात त्यांना वाटतं ती कडी पहिल्यापासूनच होती.

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना आपल्या आज्यांनी पाळला तो उगीच नव्हता. एवढ्यात मोळी, हंडा, धानाचं पोतं उचललं की अंग सैल पडतं आणि पुढे जन्मभर बाहेर येत राहतं. राणीताईंच्या 'कानोसा' या पुस्तकात बायकांनी स्वतःच्या शरीराबद्दल सांगितलेल्या अशा पुष्कळ गोष्टी आहेत. गावच्या वाचनालयात मागवून घ्या. वाचताना थोडी लाज वाटेल, मग राग येईल, मग शेजारणीला द्यावंसं वाटेल.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं यावर आमच्या महिला मंडळात दरवर्षी चर्चा होते. गेल्या वर्षी प्लॅस्टिकच्या चाळण्या झाल्या, त्याच्या आधी स्टीलच्या वाट्या. यंदा आम्ही ठरवलं आहे, की आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना त्यांच्या हिमोग्लोबिनच्या यंत्रासकट बोलवायचं. तिळगुळ घ्यायच्या आधी बोटाला सुई, वाण म्हणून लिंबं, आणि एका कागदावर आपापला आकडा. धुणंभांडी करणाऱ्या बायकांना आणि आमच्या आशाताईलाही बोलावणं केलं आहे. त्यांना सवड व्हावी म्हणून वेळ संध्याकाळी सातची ठेवली. दोघी-तिघींच्या घरून विचारणा झाली, "हळदीकुंकवाला रक्त कशाला काढायचं?" त्यांच्याकडे मी आणि नर्सबाई या रविवारी जाऊन येणार आहोत. यादीत आत्तापर्यंत एकेचाळीस नावं झाली आहेत. बघू, त्या दिवशी कितीजणी बोट पुढे करतात ते.